काठोकाठ पेला

बुरुल,

नारिनमध्ये नदी गोठलीय. गॅरेज बरं चाललंय, हाताखाली आता चार माणसं आहेत.

शाळेच्या नव्या उपक्रमात गावातल्या काही बायका एकेका मुलीची ताई झाल्यात, तिच्याशी मनातलं बोलायला. ताई दर शनिवारी मुलीच्या घरी येते. आपल्या मीरिमला ग्रंथालयातली चोल्पोन मिळाली. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा मी, मला भिंतीपलीकडचं ऐकू येणारच.

"ताई, आई फोनवर हसते, पण कधी येणार ते सांगत नाही."

"बाबांना विचारलंस?"

"ते लगेच विनोद करतात."

मला ते सोसलं नाही. चहा घेऊन आत गेलो आणि चोल्पोनचा पेला काठोकाठ भरला. तूच शिकवलंस, पाहुण्याला अर्धाच पेला द्यायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसून राहतो. भरलेला दिला की समजायचं, आता निघा. तिने दोन घोट घेतले, मीरिमच्या केसांवरून हात फिरवला आणि उठली. पुढचे दोन शनिवार ती आली नाही.

आज जेवल्यावर मीरिमने माझ्यापुढे पेला ठेवला. काठोकाठ.

मी विनोद केला नाही. म्हणालो, "आई कधी येणार, ते ती मलाही सांगत नाही गं. आणि उद्या मी तुझ्या ताईची माफी मागायला जातोय."

तिने पेला उचलला, अर्धा ओतून टाकला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

फोनवर तुझा मॉस्कोतला पत्ता विचारला की तू नुसती हसतेस. म्हणून हे पत्र गॅरेजच्या खणातच राहील, आधीच्या पत्रांबरोबर.

अजून तुझाच,
एसेन