दार बाहेरून उघडतं

६ जानेवारी. सकाळी ६.१५
देवापुढे बसून निश्चय केला. दादाची पिकअप दुरुस्त करायची आणि रोज तिनेच कामावर जायचं. यात भावनेचा काही संबंध नाही. बसला चाळीस मिनिटं लागतात, पिकअपला बारा. साधं गणित आहे.

काल वहिनी म्हणाल्या, भावजी, मागची शेड मोकळी करायची आहे, भंगारवाल्याशी बोलले आहे. दादाला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी आहे. म्हटलं, चांगली गाडी भंगारात कशाला, मी वापरतो. वहिनींनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, फेब्रुवारीअखेर. रोज धावणार असेल तर ठेवा. नुसती उभी राहणार असेल तर मला ती खिडकीतून बघवत नाही.

मला गाडी चालवता येत नाही, हा तपशील आहे. बावीस वर्षं दादाच्या शेजारी बसून कामावर गेलो. गिअर कधी बदलायचा ते आवाजावरून कळतं. शिवाय मी वजनकाट्यावर कारकून आहे. दिवसाला साठ-सत्तर ट्रकवाल्यांना मागे घ्या, पुढे घ्या, चाक सरळ करा, हे मीच सांगतो. ऐकतात.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, सायकलवर वळताना तुम्हाला हात दाखवायला जमत नाही. दुर्लक्ष केलं.

८ जानेवारी
मिस्त्री आला. दादाच्या गाडीचं काम पहिल्यापासून त्याच्याकडेच. त्याला आधीच सांगून ठेवलं की गाडीत जुना, खोल बिघाड आहे. दादाच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी ती सुरूच झाली नव्हती. म्हणून ॲम्ब्युलन्सची वाट बघावी लागली. घरात आम्ही दोघंच होतो. हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं आहे. इथेही लिहितो, म्हणजे नोंद राहील.

मिस्त्री बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, साहेब, ही बॅटरी मीच बसवली होती, दादा गेले त्याच्या आठ दिवस आधी. म्हटलं, नवी बॅटरीही दगा देते. म्हणाला, देते की. पण मग स्टार्टर कट्‌कट् वाजला असता. वाजला होता का?

आठवत नाही म्हटलं. त्याला चहा दिला.

१३ जानेवारी. संध्याकाळी
प्रगती उत्तम. चारही टायर बसलेले. मागचे ब्रेक जाम. सीटखाली उंदराचं घर, आत दादाच्या जुन्या पावत्यांचा भुगा. उंदराला बाहेर काढताना मिस्त्री म्हणाला, एवढ्या दिवसांत गाडी वापरली ती यानेच.

कप्प्यात दादाचा कंगवा सापडला. त्यात दोन पांढरे केस. धुवायला घेतला होता, परत ठेवला.

शेजारच्या सीटचं दार आतून उघडत नाही. कधीच उघडत नव्हतं. काट्यावर पोचलो की दादा उतरायचा, पुढून वळसा घालून यायचा आणि बाहेरून माझं दार उघडायचा. ट्रकवाले ओरडायचे, कारकूनसाहेबांचा ड्रायव्हर बघा! दादा सलाम ठोकायचा. मिस्त्रीने विचारलं, आतून हँडल टाकू का नवीन? म्हटलं, ते सगळ्यात शेवटी.

१९ जानेवारी
सुरू झाली. डिझेलची पाइप साफ केली, बॅटरी चार्ज केली, एवढंच. पहिल्या चावीला. शेड धुराने भरून गेली. आवाज तोच, सुरुवातीला खोकल्यासारखा, मग एकसारखा. वहिनी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून. धुरामुळे.

मला आनंद झाला. 

मिस्त्री म्हणाला, बघा, काहीच बिघाड नव्हता. म्हटलं, स्टार्टर उघड. उघडून दाखवला. आत स्वच्छ. म्हटलं, काही बिघाड डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणाला, मग ते देवाला दाखवा, मी फक्त दिसणारे करतो.

२५ जानेवारी
वेळापत्रक ठरवलं. सकाळी साडेसहा ते सात, शेडमध्ये गाडीत बसून सराव. पहिला आठवडा नुसतं बसायचं. घाईने शिकलेलं टिकत नाही. आमचे शाळेतले गुरुजी पाटीवर अक्षर काढू देण्याआधी महिनाभर हवेत बोट फिरवायला लावायचे.

आज शेजारच्या सीटवर बसून चालकाच्या बाजूचा अभ्यास केला. तिकडूनच सगळं नीट दिसतं.

३० जानेवारी. सकाळी ७
एक गोष्ट. चालकाची सीट पुढे ओढलेली आहे. दादा सहा फूट होता, सीट शेवटच्या खाचेत असायची. मी हात लावलेला नाही. मिस्त्री म्हणाला, त्यानेही नाही. हे सांगताना तो पाना शोधत होता. पाना त्याच्या हातातच होता.

सीट मागे सरकवली.

३१ जानेवारी
पुन्हा पुढे. मागचं बघायचा आरसाही खाली कललेला.

मी भूत मानत नाही. देव मानणाऱ्याने भूत मानू नये. पण दादा म्हणजे भूत नव्हे. शेवटी शेवटी त्याची पाठ दुखायची. पुढे सरकून बसत असेल.

जपाची माळ आरशाला अडकवली. भीतीने नव्हे. गाडीत असावी.

३ फेब्रुवारी
आज प्रथम चालकाच्या सीटवर बसलो. चावी फिरवली, सुरू झाली. क्लच सोडला. गाडी एकदम उडी मारून पाण्याच्या पिंपावर गेली. पिंप वाकलं. यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या: बंपर मजबूत आहे आणि ब्रेकची जागा थोडी गैरसोयीची आहे.

वहिनी बाहेर आल्या. पिंपाकडे बघितलं. म्हणाल्या, भावजी, क्लच हळू सोडायचा, इंजिनाचा आवाज बदलला की थांबायचं. त्यांना हे कसं माहीत विचारायचं राहून गेलं. दादाकडून ऐकलं असेल.

आज दादाला वर्ष झालं. लिहायचं राहिलं होतं.

७ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, गाडी शिकवणाऱ्या शाळेत नाव का घालत नाही? तिला कसं सांगू. तिथले दोन्ही शिकवणारे आधी ट्रक चालवायचे. दोघांवरही मी काट्यावर ट्रक सरळ उभा करा म्हणून ओरडलो आहे. काही गोष्टी माणसाने स्वतःच्या बळावर शिकाव्यात.

आज सराव: गाडी पुसली.

१० फेब्रुवारी. सकाळी ६.४०
किलोमीटरचा आकडा पिंपाच्या दिवशी लिहून ठेवला होता. आज त्यात एकतीस जास्त आहेत. मी चालवली आहे जास्तीत जास्त सात फूट.

मिस्त्री म्हणाला, जुने मीटर आहेत, उभ्या उभ्या पळतात. तज्ज्ञाचं मत म्हणून मान्य केलं. पण बॉनेटवर हात ठेवला तर थंडगार होतं, तरी चाकाला लाल माती. अशी माती गावाबाहेरच्या मैदानापाशीच आहे. दादा मला शिकवायला तिथेच न्यायचा. तीनदा नेलं. तिन्ही वेळा मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

तो मला बोलावत असेल का? की रागावला आहे? रागावला असता तर हॉर्न वाजवला असता. दादाचं सगळं उघड असायचं.

१४ फेब्रुवारी
चालकाच्या पायापाशी केसांना लावायची पिन सापडली. मिस्त्री नोझल साफ करायला वापरत असावा. चांगला कारागीर हाताला लागेल ते वापरतो.

आज कामावर एका ट्रकवाल्याने विचारलं, साहेब, तुमचा ड्रायव्हर हल्ली दिसत नाही? नवा होता, त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, रजेवर आहे. दिवसभर पावत्यांवर तारखा चुकत होत्या.

१८ फेब्रुवारी. दुपारी, काट्यावरून
मागचा एक विचार लिहून ठेवतो. दादाच्या छातीत दुखलं त्या दिवशी मी चावी घेऊन शेडकडे धावलो, हे खरं आहे. चावी लावली की नाही, हे आता नक्की आठवत नाही. लावली असेलच. नाहीतर सुरू झाली नाही हे मला कसं कळलं असतं?

हा मुद्दा पक्का आहे.

२१ फेब्रुवारी
वहिनींकडे मुदत मागायला गेलो. म्हटलं, मार्चअखेर करा, गाडी अजून मनासारखी झालेली नाही. त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, गाडी कधीच झाली आहे, भावजी. तुमच्या मनाचं सांगा.

 पिंप सरळ करून देतो म्हटलं. म्हणाल्या, पिंपाचं राहू द्या.

भंगारवाला एक तारखेला सकाळी येणार आहे. इथल्या सगळ्या भंगाराचं वजन आमच्याच काट्यावर होतं. म्हणजे पावती मलाच लिहावी लागेल.

२६ फेब्रुवारी
अंतिम योजना. अठ्ठावीसला सकाळी सात वाजता स्वतः गाडी काढणार, पहिल्या गिअरमध्येच कामावर जाणार. मध्ये वळणं चार. चढ नाही. रस्त्यावर त्या वेळी फक्त दूधवाला असतो आणि त्याला मी आधी सांगून ठेवलं आहे.

तो म्हणाला, त्या दिवशी मी उशिरा निघेन.

२८ फेब्रुवारी. सकाळी ११, काट्यावरून
जसं झालं तसं लिहितो.

पहाटे उठलो, अंघोळ, देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ. बायकोने डबा हातात दिला.  पावणेसातला चावी घेऊन शेडमध्ये गेलो. गाडीत बसलो. दार ओढून घेतलं. डबा मांडीवर घेतला आणि शांत बसलो.

बराच वेळ गेला. गाडी निघेना.

मग वहिनी आल्या. पायात बूट, केस घट्ट बांधलेले. चालकाचं दार उघडून आत बसल्या आणि माझ्यापुढे हात केला. तेव्हा मला कळलं की चावी माझ्या मुठीत आहे आणि मी शेजारच्या सीटवर बसलो आहे.

चावी दिली. त्यांनी आरसा बोटाने जरासा खाली केला, माझी माळ सरळ केली, गाडी सुरू केली. सीट आधीच पुढे होती. मागे न बघता शेडमधून बाहेर काढली. पहिला गिअर, दुसरा, आवाज बदलायच्या नेमक्या वेळी तिसरा.

कोपऱ्यावर वळल्यावर विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, गाडी सुरू झाली तेव्हापासून. तुम्ही कामावर गेलात की मिस्त्री मैदानावर नेतो. लायसन्सची परीक्षा परवा झाली. तुम्हाला सांगू नको असं त्याला म्हटलं होतं, तर बिचारा घाम पुसत फिरायचा. मग म्हणाल्या, त्या दिवशी मी माहेरी होते. घरी असते तरी मला कुठे येत होतं? म्हणून शिकले.

मी म्हटलं, त्या दिवशी गाडी सुरू होत नव्हती.

वहिनी रस्त्याकडे बघत म्हणाल्या, भावजी, तुमच्या दादांनी दवाखान्यात सगळं सांगितलं मला. दोन दिवस होते ना ते. हसत होते सांगताना, नळ्या हलत होत्या म्हणून नर्स रागावली. म्हणाले, धाकटा चावी घेऊन धावला, बसला माझ्या शेजारच्या सीटवर, दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरची वाट बघत राहिला! आत अडकला. मी मागच्या ओट्यावर छाती धरून बघतोय. शेवटी मलाच उठून त्याचं दार उघडावं लागलं. म्हटलं, उतर बाबा, फोन कर.

 बोलण्यासारखं दादाने सगळं बोलून ठेवलं होतं.

वहिनी म्हणाल्या, मला म्हणाले होते, त्याला कळू देऊ नकोस की मी बोललो, जिवाला लावून घेईल. मी वर्षभर पाळलं. पण तुम्ही त्या बॅटरीला नावं ठेवायचं थांबवतच नाही.

मी विचारलं, वेळेवर नेलं असतं तर? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

काट्यावर पोचलो. वहिनी उतरल्या, पुढून वळसा घालून आल्या, माझं दार उघडलं. रांगेतला कुणीही ओरडला नाही.

मी म्हटलं, एक मिनिट, परत बसा. गाडी काट्यावर घ्या. मागे, अजून मागे, चाक सरळ. त्यांनी एकदाच घेतली, बरोबर. मग मी पण आत बसलो. दादा कधी कधी गंमत म्हणून असं वजन करायचा. आम्ही दोघं आणि गाडी मिळून एक हजार सत्तर. बावीस वर्षांत दहा किलो इकडे तिकडे.

काट्याच्या खिडकीत बसलेल्या माझ्या जोडीदार कारकुनाला विचारलं, किती? एक हजार चाळीस.

पुन्हा बघ म्हटलं. त्याने पुन्हा बघितलं. तेवढंच.

१ मार्च
भंगारवाला आला होता. वहिनींनी त्याला वाकलेलं पिंप दिलं.

रोज सात-दहाला निघायचं ठरलं. त्यांना पुढे बाजारात जायचं असतं. पाच मिनिटं उशीर झाला तर थांबणार नाही म्हणाल्या. बायको म्हणाली, चला, निदान ड्रायव्हर कडक मिळाली.

दाराला आतून हँडल बसवलं. वहिनींनीच मिस्त्रीला सांगितलं, मला रोज उतरून वळसा घालायला वेळ नाही. आज काट्यावर पोचल्यावर सवयीने थोडा वेळ बसून राहिलो. मग हँडल ओढलं. दार उघडलं. स्वतः उतरलो.

गाडी शिकण्याची ही सुरुवात धरायला हरकत नाही. उरलेलं पुढच्या रविवारी.