दुसऱ्या अंकातला नकार

सुभद्रे,

आजपासून मी नाट्यलेखनाचा कायमचा त्याग केला आहे. या महिन्यातला हा चौथा.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी एका इंग्रजी कादंबरीचं मी नाटक केलं. त्यात दुसऱ्या अंकात गरिबाची मुलगी श्रीमंत मुलाला नाही म्हणते. श्रीमंताचं काम मिळालं गावच्या मालगुजारांच्या भाच्याला. काल मालगुजार उखडले: "आमच्या भाच्याले पोरगी नाही म्हणते, तेबी अख्ख्या गावासमोर? काऊन? हो म्हणू द्या तिले!"

मी म्हटलं, तिथेच हो म्हणाली तर नाटक संपतं.

"मंग पुढं दंडार नाचवा!"

मग त्यांनी भाच्यासाठी आपल्या लेकीला घातलेल्या मागणीचं काढलं: "अन् तुमच्या कुंदाचं काय ठरलं?" वेळ मागून घ्या, असं तू बजावलं होतंस. माझ्या तोंडून निघून गेलं, "तीही नाहीच म्हणते. आणि तिचं बोलणं मी लिहीत नाही."

स्थळ तुला फार आवडलं होतं, ठाऊक आहे. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहून ठेवतो. मालगुजारांनी नाटकाची वही आमगावच्या मास्तरांकडे दुरुस्तीला धाडली आहे. नायिका हो म्हणायच्या आत ती परत आणायला निघालो.

माझ्यावर खुशाल रागव. कुंदाला मात्र काही बोलू नकोस. आणि वरणात मीठ घाल, रागात विसरतेस.