आरतीआधीचा गूळ

शुक्र. ६ मार्च १९५९
बोटीने पार्सल आले! ह्यांनी मुंबईहून धाडलेले. इन्शुलिन ३ बाटल्या, १२ रु. सुया २, एक रुपया. लघवी तपासायचे निळे औषध, दीड रु. नलूला इंग्रजी मुळाक्षरांचे पुस्तक, ६ आणे. एकही बाटली फुटली नाही, देव पावला. तिन्ही माठाखालच्या ओल्या वाळूत पुरल्या.
पुस्तकात चिठ्ठी: "नलू चौथी झाली की मालवणच्या खाजगी शाळेत घाल. आपली बोर्डाची शाळा सातवीला संपते. पुढे काय?"
सासूबाई: "इंग्लिश शिकान साखर कमी जातली काय गो?"
नलू जेवताना ए, बी, सी. भाकरी अर्धी टाकून उठत होती. इंजेक्शन घेतल्यावर पोटभर खायलाच हवे, म्हणून बसवली पुन्हा.
सकाळी लघवीची नळी निळ्याची हिरवीच झाली, लाल नाही. साखर थोडीच. बरे.

मंगळ. १० मार्च
नलूला घेऊन एस.टी.ने मालवणास. हेडमास्तरांनी तोंडी हिशेब घातले. माझ्या आधी हिचे उत्तर! दोन वर्षांपूर्वी हीच पोर पाणी पाणी करीत वाळत चालली होती, आणि आज…
"मुलगी हुशार आहे. पाचवीत घेऊ." माझ्या डोळ्यांत पाणी. मग मधुमेहाचे दुखणे सांगितले. ते म्हणाले, "घेऊ. पण वर्गात खाणे नाही. मधल्या सुटीतच. एकीला सूट दिली की सगळे डबे उघडतील."
मी मान डोलावली. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. मॅट्रिक होईल नलू! माझ्यासारखी. माझ्यापुढेही जाईल.

शनि. १४ मार्च
थोडक्यात निभावले आज.
शनिवारी नलूच्या शाळेत पोरे वर्ग सारवतात, मग सरस्वतीच्या तसबिरीची आरती, गूळ-खोबरे. नलूने हौसेने अर्धा वर्ग सारवला. सकाळचे इंजेक्शन, त्यात एवढी मेहनत. डबा खायला उशीर. साखर उतरली.
तिनेच सांगितले घरी: "आये, माका घाम इलो, हात थरथराक लागले. मी गूळ मागलंय." तर मैत्रीण शेवंती ताट घेऊन मागे सरली. "खाव नको गो! तुका गोड म्हणजे विख!" दुसरा ओरडला, "अजून निवेद दाखवूक नाय!" सगळा वर्ग तिला गुळापासून राखत उभा. मीच सांगून ठेवले होते ना, हिला गोड देऊ नका. उतरली तर गोडच द्या, हे अर्धे सांगायचे राहिले.
वर्गाच्या बाई धावल्या. देवीपुढचा गुळाचा खडा उचलून नलूच्या तोंडात. "आधी पोर, मग आरती." थोड्या वेळाने उठून बसली, डबा खाल्ला. आरतीला तीच मोठ्याने.
सासूबाईंना सांगितले. "आरतीआदी निवेद उष्टो केल्यानी? देवी कोपतली!"
मी देवापुढे बसले.

सोम. १६ मार्च
चमत्कार! सासूबाईंनी स्वतः गुळाची ढेप फोडली, डबा भरला. "बाईंका दी. सरस्वती पण आयच मा? पोराच्या तोंडातलो घास ती काढीत नाय."
शाळेत पोचवला. बाईंनी तसबिरीखालच्या फळीवर पाण्याच्या बशीत ठेवला, मुंग्या नकोत म्हणून. पोरांना म्हणाल्या, "नलूने मागितला की विचारायचे नाही, द्यायचा." शेवंतीने लगेच पहारा धरला. एक म्हणाला, "बाई, माका पण गरगरता." सगळा वर्ग हसला. मीही.
मनात आले, हिला इथून हलवू कशाला?

गुरु. १९ मार्च
नलूने आज सिरिंज स्वतः भरली! बुडबुडा काढला, मला दाखवला, मग टोचली. वर म्हणते, "आये, तिकडच्या शाळेत तू खंय असतलंस? माका येवक होया."
म्हणजे तिचे ठरलेय. बाईंना विचारले. म्हणाल्या, "पाठवा. पण गुळाचे आधी ठरवा. गूळ सगळ्या शाळांत सारखाच गोड असतो."
बोर्डात राहिली तर तीन वर्षे सुखाची, मग घरी. तिकडे गेली तर मॅट्रिक, पण भर वर्गात घाम फुटला तर? मान डोलावून आले होते मी तेव्हा. आता नाही.
हेडमास्तरांना जबाबी कार्ड टाकले. नक्कल इथे:
"सा. न. मुलगी तुमच्या शाळेत यायला उत्सुक आहे. नियम सर्व पाळील, एक सोडून. गूळ तिच्या खिशात राहील, व घाम फुटताच भर वर्गात ती खाईल. त्या वेळी तिला कोणी अडवू नये. हे मान्य असेल तर जूनपासून मुलगी तुमची, नसेल तर बोर्डाची. सोबतचे कोरे कार्ड उत्तरासाठी आहे. होय की नाही, एवढेच उलट टपाली कळवावे."