कुशीवर झोपलेला पडदा

नारीन, ११ मार्च

प्रिय थोरल्या ताई, माझ्या सोनुन एजे,

घरी सगळं ठीक आहे. नदीवरचा बर्फ कडेकडेने सुटायला लागलाय आणि गायीला कालवड झाली. तू तिकडे कोरियात मासळी कापताना हातमोजे घालतेस ना? बोटांना जप.

मुख्य बातमी म्हणजे, तू पाठवलेला तो वहीएवढा लॅपटॉप अखेर नीट चालू झाला. 'फार छान आहे' असं तुला सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. एक पान उघडेपर्यंत चहा निवून जायचा. शेवटी शेजारच्या बुरुलचाला म्हटलं, यात ती हलकी, फुकटची लिनक्स प्रणाली घालून दे, आणि मजकूर वाचून दाखवणारा आवाजही. ती शाळेत संगणक शिकवते. तोंडाने तिखट, पण घेतलं काम सोडत नाही.

"हा लॅपटॉप नाही, खेचर आहे!" ती म्हणाली. "डोकं चौसष्ट बिटांचं आणि त्याला उठवणारा प्रोग्रॅम बत्तीसचा. तुझ्या बहिणीला सरळ वस्तू मिळतच नाही का?"

पेनड्राइव्ह तो ओळखेचना. उठवण्यापुरती एक छोटी फाइल तिने शोधून त्यावर टाकली, तेव्हा कुठे लिनक्स चढलं. मग पडद्याची तऱ्हा. तो मुळात फोनसारखा उभा धरायचा. बनवणाऱ्याने आडवा बसवलेला. त्यामुळे सगळं चित्र कुशीवर झोपलेलं. मी शेजारी बसून म्हणत होते, "वा, छान दिसतंय."

"छान? माझी मान मोडायची वेळ आली! बरं सांग, कुठल्या बाजूला कललंय?"

"डावीकडे."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "उर्कुया, पडदा मी केव्हाच बंद केलाय."

एजे, आता तुलाही सांगते. माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, खिडकी, दार, माणसाची सावली. अक्षर दिसत नाही. बिश्केकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलंय ते टिकेल, गेलं ते येणार नाही. फोनवर 'नेट नाही' म्हणत मी कॅमेरा बंद ठेवायचे, ते यासाठीच. तुला कळलं असतं तर तू सगळं टाकून दुसऱ्या दिवशी विमानात बसली असतीस. माझं पुस्तकाचं भाषांतरही अर्ध्यावर पडलं होतं. छापणाऱ्यांना मी रोज नवं आजारपण सांगत होते.

बुरुलचा खूप चिडली. "माझ्यापासून लपवलंस? मी काय परकी?" मग नाक पुसून म्हणाली, "तरी म्हटलं, हिला वाचून दाखवणारा आवाज कशाला हवाय! सरक तिकडे."

पडदा तिने एका ओळीची आज्ञा लिहून सरळ केला. आवाज मात्र येईना. सगळं जागेवर होतं, तरी मुकं. तीन संध्याकाळी ती कपाळाला हात लावून बसली. शेवटी कळलं, हा शहाणा सगळा आवाज टीव्हीच्या वाटेने बाहेर पाठवत होता आणि टीव्ही तर जोडलेलाच नव्हता! तिने तो स्पीकरकडे वळवला, आणि कोऱ्या पानावर येताच संगणकातला एक पुरुषी आवाज चक्क आपल्या किरगिझमध्ये बोलला, "जागा रिकामी आहे." बुरुलचा इतकी हसली की मी रडतेय हे तिला उशिरा कळलं.

"काय वाचायला देऊ त्याला?" तिने विचारलं.

मी तिला घरी पाठवलं. ईमेलने आलेली तुझी चार पत्रं तशीच पडून होती, एजे. दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायची नव्हती. एकटीने ऐकली. वसतिगृहातल्या भांडणाचं, तुझ्या गुडघ्याचं, आणि शेवटचं 'माझ्यावर रागावलीस का?' हे सगळं त्याने हवामान सांगावं तशा एकाच सुरात वाचलं. तरी मला तुझाच आवाज आला.

नाही रागावले. कधीच नाही.

काम सोडून येऊ नकोस. सुट्टीत ये, भांडायला ये, मला सांभाळायला नको. काल भाषांतराची दोन पानं झाली. छापणाऱ्यांनाही खरं सांगितलं; 'सावकाश दे' म्हणाले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतंय. बुरुलचाने पडदा आता पुरता विझवून टाकलाय, बॅटरी जास्त पुरते म्हणे.

लांबलचक लिही. तुझ्यामाझ्यात आता तिसरं कोणी नाही.

एकेक अक्षर कानाने तपासून लिहिणारी,
तुझी धाकटी
उर्कुया