शिक्षा मिळाली का?

अण्णा, तुमचं रविवारचं टेबल उठायची वेळ आली होती, आणि तेही एका शब्दापायी.

कारखान्यातून रिटायर झाल्यावर बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत तुम्ही ते मांडलंत. लोक बिघडलेला मिक्सर, इस्त्री घेऊन येणार आणि तुम्ही हाताची घडी घालून शेजारी बसणार. "स्क्रूड्रायव्हर तुम्ही धरा. मी बघतो." निपाणीकडची एक बाई वैतागलेली मला आठवते, "अण्णा, स्वल्प तुम्हीच करा की हो!" तुमचं कानडीतलं 'बरं' ठरलेलं, "सरी, मग न्या घरी." आई म्हणायची, या माणसाला समाजसेवासुद्धा तिरसटपणेच जमते. तुम्ही गेलात, तरी टेबल चालू राहिलं.

मी आता व्हाइटफील्डला नोकरी करते. एखाद्या संस्थेमुळे आसपासच्या माणसांचं काय बदललं, कुणाला काम मिळालं, कुणाला सोबत मिळाली, हे मोजायचं. आमची कंपनी काही संस्थांच्या जागांचं भाडं भरते, त्यात तुमची खोलीही आहे. यंदा तिची पाहणी झाली. लखनौच्या माझ्या सहकाऱ्याने सगळ्यांना हिंदीत विचारलं, "यहाँ आपको क्या शिक्षा मिली?" बिचाऱ्याला म्हणायचं होतं शिक्षण. पण आपल्याकडे मराठीत काय नि कानडीत काय, शिक्षा म्हणजे छडीच! सगळ्यांनी तुमची बाजू सावरत सांगितलं, "नहीं नहीं, कुछ नहीं मिली!" त्याने लिहून टाकलं, इथे कुणी काही शिकत नाही, भाडं बंद करावं. वाचून मी आधी खो खो हसले, मग तडक उठले. साहेबांकडे गेले, म्हटलं, टेबल माझ्या वडिलांचं आहे, पण प्रश्न चुकलाय, मला परत विचारू द्या. ते म्हणाले, "जा, पण तिथे नातं सांगू नका. लोक भिडेखातर गोड बोलतात."

मी मराठीत आणि कानडीत विचारलं, "इथे काय शिकलात?" अहो, लोक थांबेचनात! ती निपाणीची बाई आता जयनगरला दुरुस्तीचं दुकान चालवते, हाताखाली दोन पोरी आहेत. रविवारी तुमच्या खुर्चीवर तीच बसते, हाताची घडी घालून. एक रिटायर झालेले बँकवाले धडधाकट इस्त्री घेऊन येतात, उघडतात, परत बंद करतात. घरी बोलायला कुणी नाही म्हणाले. मी तेही मोजलं. ऊर भरून आला, अण्णा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कामाचे अहवाल लिहिले, असा अभिमान कधी वाटला नव्हता. भाडं चालू राहिलं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. सगळ्यांशी बोलून झाल्यावर मी निघाले, तर त्या बाईने मला निरखून पाहिलं. "मॅडम, तुम्ही अण्णांच्या कोण?" साहेबांनी बजावलेलं चांगलं लक्षात होतं. तरी म्हटलं, "मुलगी." आणि तेही खोलीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.