चौथी शिट्टी

चिंगे,

चिठ्ठी मुद्दाम तांदळाच्या डब्यात ठेवलीय. तुझ्या भावोजींनी जन्मात कधी कुठला तांदळाचा डबा उघडलेला नाही. सकाळपासून ते समोरच्या घड्याळवाल्याच्या दुकानात आपल्या दारावर डोळा ठेवून बसलेत, म्हणून मी मागच्या जिन्याने निघतेय. तू दुपारी कामावरून आलीस की ते वर येणारच. फोन करू नकोस, त्यांचं घर सोडताना माझा फोन त्यांच्याकडेच राहिलाय.

तू नेहमीसारखा भात लाव. तांदूळ जुना आहे, वाटीला सव्वादोन वाट्या पाणी घाल. कांदे आणलेत, पण घाईत नीट निवडले नाहीत. मानेशी दाबून बघ. मऊ लागला तर आतून सडका समज. नुसत्या चकचकीत सालीला भुलू नये, हे मी तुला सांगावं म्हणजे कमालच.

मी मागच्या गल्लीत इस्त्रीवाल्या मावशींकडे बसते. आपला कुकर तिथे स्पष्ट ऐकू येतो. तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद झाला, तर घरात तू एकटीच आहेस असं समजून मी जेवायला येईन. ते आत असले तर चौथी होऊ दे. भाताचा लगदा होईल, होऊ दे. मी तशीच पोलीस चौकी गाठेन.

त्यांच्याशी वाद घालू नकोस. ते म्हणतील त्याला ‘हो’ म्हण आणि वाढ.

आणि एक वाजेपर्यंत एकही शिट्टी आली नाही, तर चौकी राहिली बाजूला. मावशींची तापलेली इस्त्री घेऊन मी वर येते.

ताई