चोवीस मिलिमीटरचे चाळीस डबे

२ नोव्हेंबर, रविवार
बाबांच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम २३ तारखेलाच. हॉल मिळाल्याचं प्रियदर्शनीने आज स्वतः जाऊन पक्कं केलं. बाबा चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. त्यांना मी चाळीस डब्यांची मालगाडी देणार, स्वतः बनवलेली. खऱ्यापेक्षा साडेचारशे पट लहान. एक डबा चोवीस मिलिमीटर. आमंत्रणात तसं लिहूनही टाकलं. प्रियदर्शनी म्हणाली, अहो, आधी एक तरी करा.
माझी गिटार, माझं सायकलिंग, गच्चीवरचे टोमॅटो, कशालाच बाबा आजवर ‘बरं केलंस’ म्हणाले नाहीत. यावेळी म्हणतील. दिवसाला दोन डबे. सोपं गणित.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कसबा पेठेत पितळी पत्रा आणायला गेलो. तळहाताएवढा पुरेल म्हटलं. तात्याराव कारागीर म्हणाले, आम्ही बंब करतो, भातुकली पुढच्या गल्लीत. मालगाडी करतोय म्हटल्यावर विचारलं, माल काय नेणार, खसखस? तुकडा दिला मात्र.
आजचे डबे : शून्य. अभ्यास पूर्ण.

९ नोव्हेंबर, रविवार
पहिला डबा तयार! चाकं फिरत नाहीत. मालगाड्या तशाही बहुतेक वेळ उभ्याच असतात. आता वीस डबे. दर्जा महत्त्वाचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ११
डबा अंगठ्याला चिकटला. ऑनलाइन मीटिंगमध्ये अंगठा वर धरून बसलो. त्याच वेळी खराडी ऑफिसातून माझ्या बॉस कल्याणी मॅडम विचारत होत्या, सॉफ्टवेअरचं रिलीज शनिवारी जमेल का? अंगठा बघून म्हणाल्या, ग्रेट, बुद्धभूषण!
शनिवारी रिलीज आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
तीन दिवस रिलीजमध्ये गेले. तेवढ्यात कांताबाईंनी टेबल पुसलं. चार डबे गायब. म्हणाल्या, दादा, मेलेली झुरळं वाटली, केरात टाकली. म्हणजे तांबडा रंग हुबेहूब साधला होता.
आता दहा डबे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
हात थरथरतो. चहा बंद.
शेवटी गार्डचा डबा असतो. त्याला कठडा, पायऱ्या, दारं. फार किचकट. वगळला. शेवटचा डबा कोण बघतंय?
बाबा दारात येऊन विचारून गेले, कुठवर आलं? मी डब्यांवर पेपर पसरला. ते बराच वेळ उभे होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
डबे तीन. आता हात लावत नाही. प्रियदर्शनीने आमंत्रणातला आकडा दाखवला. मी म्हटलं, हे प्रातिनिधिक आहेत. ती म्हणाली, मग जेवणही प्रातिनिधिकच सांगायला हवं होतं.
चहा सुरू.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
हॉल भरला होता. बाबांचे रेल्वेतले मित्र भिंग घेऊन रांगेत उभे. बाबांनी पहिला डबा पाहिलाच नाही. भिंग सरळ शेवटाकडे नेलं. विचारलं, माझा डबा कुठाय?
मी म्हटलं, जागा नव्हती.
दोन फूट टेबल रिकामं होतं.
बाबा शांतपणे म्हणाले, गाडी गेली की स्टेशनमास्तर शेवटचा डबा बघतो. तो दिसला नाही तर गाडी मध्येच तुटली समजायचं. मग मागून दुसरी गाडी सोडत नाहीत. निवृत्त स्टेशनमास्तर महिपतीकाका लगेच म्हणाले, बरोबर, पंगत थांबवा. सगळे हसले. बाबा हसले नाहीत.
चौतीस वर्षं ते त्याच डब्यात बसत होते. हे मला माहीत होतं.
घरी आल्यावर त्यांनी चिमटा मागितला. उरलेला पत्रा उचलून उजेडात धरला. त्यांचा हात अजिबात हलत नाही. म्हणाले, आधी कठडा करायचा. उद्या सकाळी सातला टेबलाशी बसणार आहेत. मी भिंग धरायचं आहे.
म्हणजे देखरेख माझ्याकडेच. कल्याणी मॅडमना कळवलं, उद्या उशिरा येईन.